दहावीतली मुलगी गरोदर आहे, मुख्याध्यापक म्हणतात दाखला देऊन टाका. काय करावं?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मराठवाड्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात दहावीचे वर्गशिक्षक आहात. वर्गातल्या सोळा वर्षांच्या मुलीचं मे महिन्यात लग्न लावून दिलं, आता तिला चौथा महिना सरत आलाय. सध्या ती माहेरीच राहून शाळेत येते. आईवडील ऊसतोडीला जाणारे, दसऱ्यानंतर गाडी निघेल, मग घरी आजीच. मुख्याध्यापकांचं म्हणणं, ‘बाकीच्या मुलींवर परिणाम होतो, दाखला देऊन मोकळे व्हा.’ घरचेही दाखला न्यायला तयार. मुलगी मात्र म्हणते, मला परीक्षा द्यायचीय. तुम्ही विचारलंय की तिला शाळेत बसवता येतं का, पोलिसांत कळवावंच लागतं का, कळवलं तर तिचंच नुकसान होणार नाही का. आणि जाता जाता, तुमच्या नोकरीचं काय.

मी एक मुदत बालकल्याण समितीवर, म्हणजे अडचणीतल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीवर, सदस्य होते. त्याआधी आणि त्यानंतरही शाळा सुटलेल्या मुलींबरोबरच काम करते आहे. त्यावरून सांगते. काही गोष्टी मुलीशी आणि आजीशी बोलल्याशिवाय ठरणार नाहीत, तेही जिथल्या तिथे लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बसवता येतं, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तिचं नाव पटावर आहे, म्हणजे ती तुमची विद्यार्थिनी आहे. पण खरी अडचण ‘येतं का’ ही नाहीच. अशा मुलींना शाळेतून काढल्याचा आदेश कधी निघत नाही. वडिलांना बोलावून अर्जावर अंगठा किंवा सही घेतली जाते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं कारण लिहिलं जातं. कागदोपत्री सगळं राजीखुशीचं. एकदा दाखला हातात पडला की तो घरातल्या पत्र्याच्या पेटीत जातो आणि मुलीचं नाव कुठल्याच शाळेच्या पटावर राहत नाही. म्हणून तुमचं पहिलं काम एकच, दाखला निघू द्यायचा नाही. आईवडिलांना सांगा की परीक्षा होईपर्यंत दाखला मागू नका, त्याविना तुमचं काही अडत नाही.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. ‘कुठल्या नियमाखाली, तेवढं लेखी द्या सर,’ एवढंच म्हणा. गरोदर आहे म्हणून नाव कमी करा, असा नियम मला आजवर कोणी दाखवलेला नाही आणि असं लेखी द्यायला कोणी धजावतही नाही. इथे एक कच्चा दुवा आहे, तोही सांगून ठेवते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. शाळेतून काढू नये ही त्यातली तरतूद आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू होते. सोळा वर्षांच्या मुलीसाठी तो कायदा पुढे केलात आणि मुख्याध्यापक जाणकार निघाले, तर तुमचा मुद्दा तिथेच पडेल. तुमचा आधार संविधानातला समानतेचा आहे, कलम १४ आणि १५. शिवाय १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत ‘सखी सावित्री’ समिती असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती फलकापुरतीच असते. तरीही तिच्या कामात बालविवाह रोखणं आणि मुली शाळेत टिकवणं आहे, हे बैठकीत आठवण करून द्यायला उपयोगी पडतं.

‘इतर मुलींवर परिणाम’ याबद्दल दोन वाक्यं. परिणाम होतोच. हिला काढलंत तर वर्गातल्या बाकीच्या मुली एवढंच शिकतील की असं काही झालं तर लपवायचं. लपवलेली गरोदरपणं सातव्या महिन्यात दवाखान्यात पोचतात, तेव्हा काहीही ठरवायला उशीर झालेला असतो. आणि ही एकटी मुलगी आहे असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ टक्के होता. तुमच्या पटावर ‘दीर्घ गैरहजर’ असा शेरा असलेल्या मुलींची नावं एकदा काढून बघा.

आता पोलिसांचं. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिच्या संमतीला अर्थ नाही, आणि ‘लग्न झालंय’ ही सबब ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उरलेली नाही. कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती आहे त्याने कळवायचं असतं. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, मुख्याध्यापकांसाठीही. म्हणजे दाखला देऊन मोकळं होण्याची भाषा करणारे मुख्याध्यापक खरं तर अडकतायत. हे त्यांना शांतपणे, एकांतात सांगा. पुष्कळदा सूर तिथेच बदलतो.

कळवल्याने मुलीचं नुकसान होईल का? होऊ शकतं, नाकारत नाही. नवऱ्याला अटक होऊ शकते. बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली लग्न लावून देणाऱ्यांवर गुन्हा दाखल होतो. सासर तर बोलणं टाकतंच, पण माहेरही ‘तुझ्यामुळे’ म्हणून तोंड फिरवतं. पश्चिम बंगालमधल्या अशाच एका प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने दोषी ठरलेल्या नवऱ्याला शिक्षा दिली नाही, कारण त्या मुलीला गुन्ह्यापेक्षा नंतरच्या कायदेशीर फेऱ्यांनीच जास्त भोगायला लावलं होतं. त्याच निकालात तिच्या शिक्षणाची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. तो निकाल खास त्या परिस्थितीपुरता आहे, त्याचा आधार घेऊन गप्प बसता येत नाही.

पण दुसरी बाजू बघा. मुलगी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात गेली की वय बघून डॉक्टर पोलिसांना कळवणारच, एमएलसी म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून नोंद होणारच. म्हणजे जे ऑक्टोबरमध्ये घडायचं ते मार्चमध्ये घडेल, ऐन परीक्षेत, अंगावर टाके असताना. आता कळवलं तर जबाब, वैद्यकीय तपासणी, बालकल्याण समितीपुढची हजेरी हे सगळं दिवाळीच्या आसपास उरकतं आणि मुलीला अभ्यासाला तीन-चार महिने सलग मिळतात. कायदा लगेच कळवायला सांगतोच. मी म्हणते, मुलीचं हितही त्यातच आहे.

आधी मुलीला सांगा, मग कळवा. तिच्या पाठीमागे कळवलंत तर ती दुसऱ्या दिवसापासून शाळेत येणार नाही. शाळेतल्या एखाद्या बाईंना बरोबर घ्या. काय काय होईल ते क्रमाने सांगा. जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, घेणारी शक्यतो महिला उपनिरीक्षक असते, ती गणवेशात नसावी, आणि मुलीचा विश्वास असलेलं माणूस शेजारी बसू शकतं. मात्र बोलताना तुम्हाला असं जाणवलं की हे गरोदरपण लग्नातलं नाही, घरातल्याच कोणाची जबरदस्ती आहे, तर क्रम उलटा करा. घरी एक शब्द न बोलता थेट १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि पोलीस.

कळवल्यावर पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. इथे शाळेच्या हातात एक गोष्ट आहे आणि ती बहुतेक शाळा करत नाहीत. समितीपुढे मुलगी येते तेव्हा सदस्यांसमोर पोलिसांचं पत्र आणि घाबरलेलं कुटुंब एवढंच असतं. घर सुरक्षित दिसलं नाही तर बालगृहाचा आदेश होतो आणि ते बालगृह जिल्ह्याच्या ठिकाणी, शाळेपासून साठ-सत्तर किलोमीटरवर. हे टाळायचं तर शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र द्या. मी समितीत होते तेव्हा असं पत्र फाइलला लागलेलं असलं की चर्चेचा रोखच बदलायचा. मजकूर साधा असू द्या: ‘सदर विद्यार्थिनी इयत्ता दहावीत नियमित शिकत असून फेब्रुवारी-मार्चमधील मंडळाच्या परीक्षेस बसणार आहे. ती आजीसोबत राहण्यास इच्छुक आहे. तिचे शिक्षण याच शाळेत चालू राहावे व त्यासाठी लागणारे सहकार्य शाळा करेल.’ वर्गशिक्षकांची सही, मुख्याध्यापकांची सही, जावक क्रमांक. समिती मुलीला नातेवाइकाच्या ताब्यात देऊ शकते, गृहभेटीचा अहवाल मागवू शकते, पोक्सोच्या नियमांप्रमाणे सहायक व्यक्ती नेमू शकते. सहायक व्यक्ती आठवणीने मागा. कोर्टाची तारीख आणि पेपर एकाच दिवशी आले तर धावपळ करायला तीच असते. भरपाईसाठी ‘मनोधैर्य’ योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो, तोही तिच्याकरवी होतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आली नाही. हे मूल हवं की नको, हे मुलीला कोणी विचारलंय का? मी कुठल्याच बाजूला ढकलत नाही, पण विचारण्याची मुदत चालू आहे. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे दोघांचं. मुलीच्या इच्छेबरोबर पालकाची लेखी संमती लागते, नवऱ्याची लागत नाही. या कायद्यात पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. आईवडील कारखान्यावर गेले आणि आजीच सांभाळत असेल, तर डॉक्टरांपुढे हे आठवा. ‘चौथा महिना’ या हिशेबावर विसंबू नका. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात आणि घरच्या मोजणीत महिना-दीड महिना सहज इकडेतिकडे होतो. सोनोग्राफीत जे येईल ते खरं. २४ आठवडे उलटले की उच्च न्यायालयात जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालाप्रमाणे मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टर पोलिसांना कळवताना तिचं नाव न सांगता कळवू शकतात. ही मोकळीक डॉक्टरांपुरती आहे, आपल्याला नाही.

ती म्हणाली, मूल हवंय, तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी हे विचारून घ्या की या हंगामात तिला कोणी आपल्या कोयत्यात धरलंय का. तुमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर मिळते, आणि पुष्कळ लग्नं त्या हिशेबानेच लवकर लागतात. सासरच्यांनी जोडीची उचल घेतली असेल तर पाचव्या महिन्यात ही पोर मोळ्या वाहणार. तुम्ही आणि मी दाखल्यावर बोलत बसू आणि गाडी निघून जाईल. ग्रामसेवक हे गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना आणि समितीला ही बाब स्वतंत्रपणे कळवा. ती आजीकडेच राहील, असा समितीचा लेखी आदेश असला की मुकादमही वाटेला जात नाही.

आता परीक्षेचं गणित. आज सतरा आठवडे धरले तर बाळंतपणाची तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे नेमकी पेपरांत. तरीही फॉर्म नियमित विद्यार्थिनी म्हणूनच भरा. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी १७ नंबरने बसव’, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दे, असं शाळा सुचवेल. ऐकू नका. नियमित राहिली तर तोंडी, प्रात्यक्षिकं, अंतर्गत मूल्यमापन हे सगळं पेपरांच्या आधी उरकतं. मग जेवढे पेपर देता येतील तेवढे द्यायचे. ज्या विषयांत पास होईल ते हातात राहतात, बाकीचे जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीचा प्रवेश होतो. सगळेच पेपर चुकले तरी पुरवणीपर्यंत बाळ तीन-चार महिन्यांचं होतं, जमण्यासारखं असतं. ७५ टक्के हजेरीची अट आहे, पण वैद्यकीय कारणाने सूट मिळते. त्यासाठी तपासणीच्या प्रत्येक फेरीचा कागद शाळेच्या फाइलला लावत चला. मार्चमध्ये एकदम जमवायला जाल तर मिळणार नाहीत. केंद्रसंचालकांना आधी भेटून तळमजल्यावरची, स्वच्छतागृहाजवळची खोली मागून ठेवा. कारण सांगताना ‘वैद्यकीय’ एवढंच म्हणा.

नियमित परीक्षा अगदीच अशक्य दिसली तर १७ नंबरपेक्षा मी राष्ट्रीय मुक्त विद्यालय सुचवेन. प्रवेश पाच वर्षं टिकतो, त्यात नऊ संधी मिळतात, एकेक दोनदोन विषय सोडवता येतात. अंगावर पाजणाऱ्या मुलीला तेच झेपतं. पण हा दुसरा पर्याय आहे, पहिला नाही. घरी राहून शिकेल असं म्हणणं सोपं, घरात राहिलेल्या सुनेच्या हातात पुस्तक दिसलं की कोणीतरी काम सांगतंच.

नावाचं एक बघा. लग्नानंतर सासरचे आधार कार्डावर नाव बदलून घेतात. दहावीचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत ते थांबवा. हॉल तिकिटावर एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं, आणि मग शिष्यवृत्ती अडकते. वयाचंही तसंच. नोंदणीला गेल्यावर घरचे ‘एकोणीस’ सांगतात. तसं होऊ देऊ नका. खरं वय लिहिलं गेलं तर तिची अतिजोखमीची माता म्हणून नोंद होते, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनवर जास्त लक्ष राहतं. या वयात तेच दोन्ही जिवांवर बेततं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी तिला शाळेतून सोडा, गैरहजेरी मांडू नका. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे तिला वयामुळे मिळणार नाहीत, जननी सुरक्षा योजनेला २०१३ पासून वयाची अट नाही. अंगणवाडीचा आहार तर मिळायलाच हवा.

शाळेत ही गोष्ट तुम्ही, मुख्याध्यापक आणि एक शिक्षिका, एवढ्या तिघांपलीकडे जाऊ देऊ नका. पोट दिसायला लागल्यावर सगळ्यांना कळेलच, पण कळणं वेगळं आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा वेगळी. पीडित बालकाची ओळख माध्यमांत उघड करणं हा पोक्सो आणि बाल न्याय या दोन्ही कायद्यांत गुन्हा आहे. कवायत, रांगेत उभं राहणं यातून तिला सूट द्या. बाकावर मात्र मैत्रिणींतच बसू द्या, शेवटच्या बाकावर एकटी नको.

एवढं सगळं झालं तरी मुली जूनमध्ये गळतात. परीक्षा होते, निकाल लागतो, शाळा सत्कारही करते, आणि अकरावीला नाव घातलं जात नाही, कारण अकरा ते पाच बाळाकडे बघायला कोणी नसतं. माझ्या अनुभवात पुढचं शिक्षण कायद्यापेक्षा या एका प्रश्नावर जास्त अडतं. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी पाळणाघर आहे, पण तुमच्या गावात असण्याची आशा कमी. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचं लागतं. मधली अडीच-तीन वर्षं आजी, मामी नाहीतर सासू. म्हणून आजीशी बोलणं आत्ताच सुरू करा. कॉलेज निवडताना नाव बघू नका, अंतर बघा. चालत जाता येईल आणि मधल्या सुट्टीत येऊन बाळाला पाजता येईल असं.

सासूशी बोलायची वेळ आली तर हक्क, सक्षमीकरण वगैरे शब्द घरी ठेवून जा. मी सरळ सांगते की गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली तर आता बारावी पास लागते, आणि ती स्थानिक सुनेलाच मिळू शकते. हे लगेच समजतं. कधीकधी सासूच मग बाळ घ्यायला तयार होते. मुलीला एकटीला मात्र आणखी एक सांगून ठेवा. बालविवाह तिला रद्द करून घेता येतो, त्यासाठी वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत अर्ज करता येतो, आणि तसं झालं तरी मूल कायद्याने औरसच राहतं. आज तिला ते नको असेल. माहिती असू द्या.

राहिली तुमची नोकरी. कळवल्याबद्दल कारवाई होत नाही, सद्हेतूने कळवणाऱ्याला त्याच कलम १९ मध्ये संरक्षण आहे. न कळवल्याबद्दल होऊ शकते. मुख्याध्यापकांना तुम्ही जे सांगाल ते लेखी द्या, पोच घ्या, तारीख टाका. संस्थाचालकांचा राग होईल, वर्ग बदलतील, कदाचित दुसऱ्या शाखेवर पाठवतील. हे होतं. तसं होणार असं दिसलं तर सहायक व्यक्तीचा नंबर, दवाखान्याची फाइल आणि समितीच्या आदेशाची प्रत त्या शिक्षिकेकडे आधीच देऊन ठेवा. सोनोग्राफीत आठवडे किती निघाले ते इथे कळवा, त्यावरून पुढचं सांगते.